नमुना योग्य स्थितीत घेतला

गुलाबी रंगावर माझा राग आहे. भाचीच्या साखरपुड्यात मिळालेल्या राणी कलरच्या साडीची घडी मी अजून मोडलेली नाही, आणि घरच्यांना वाटतं, निवृत्त झाल्यावर कुंदा विक्षिप्त झाली. बत्तीस वर्षं जिने लोकांचं रक्त काढलं, तिला गुलाबी म्हणजे नासलेलं रक्त वाटतं, हे त्यांना कसं समजावून सांगायचं?

तुम्हाला सांगते. रक्त नळीत घेतलं आणि यंत्रात गरगर फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. तिळाच्या तेलाचा असतो तसा साधारण रंग. बहुतेक तपासण्या त्या पाण्यावर होतात. ते पाणी गुलाबी दिसलं तर समजायचं की लाल पेशी फुटल्या आणि त्यांच्या पोटातलं सगळं वरच्या पाण्यात मिसळलं. सुई फार बारीक असली, सिरिंज हिसका देऊन ओढली, नळी सरबतासारखी हलवली, उन्हात राहिली किंवा गोठली, तर असं होतं. म्हणजे चूक रोग्याची नसते, आमची असते. डॉक्टर लोक त्याला हिमोलिसिस म्हणतात. लॅबमध्ये आम्ही सरळ ‘गुलाबी’ म्हणतो. ‘ताई, तीन नंबर गुलाबी’ असा आवाज आला की त्या माणसाला परत बोलवायचं, परत टोचायचं आणि वर त्याच्या शिव्या खायच्या.

शिव्या मी भरपूर खाल्ल्या. पहिली काही वर्षं सरकारी दवाखान्यात आणि नंतर बोईसरच्या एका खासगी लॅबमध्ये. बेटेगावचे एक आजोबा कधीही उजवा हात देत नसत. कोयता धरायचा हात टोचायचा नाही, असा त्यांचा नियम. कारखान्यातला एक तरुण वेल्डर तपासणी झाल्यावर उरलेलं रक्त परत मागायला आला होता. ‘मेरा है ना, मैडम,’ असं त्याचं म्हणणं. त्याला मी यंत्र दाखवलं, नळी दाखवली, चहा पाजला. दोघांच्याही म्हणण्यात मला काही चूक वाटली नाही. ज्याचं रक्त आहे त्याला त्याबद्दल बोलायचा हक्क असतो. हे ज्यांना कळत नाही त्यांच्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

निवृत्तीच्या पाच-सहा वर्षं आधी आमच्या लॅबमध्ये मुंबईहून अनघा मॅडम येऊ लागल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण डॉक्टरेट झालेल्या. त्यांचा अभ्यास लिव्हरच्या कॅन्सरवर होता. हा कॅन्सर फार लबाड. दुखत नाही, खुपत नाही, आणि कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मॅडम रक्तात मायक्रोआरएनए नावाच्या बारीक खुणा शोधत होत्या. पेशी आपल्या आत कुठलं काम चालू ठेवायचं, कुठलं थांबवायचं, हे ज्या चिमुकल्या तुकड्यांनी ठरवतात ते हे तुकडे. काही रक्तातही उतरतात. लिव्हरमध्ये गडबड सुरू झाली की त्यांतले काही वाढतात, काही कमी होतात. ती वाढघट लवकर ओळखता आली तर गाठ लहान असतानाच माणूस सापडेल, अशी आशा. ‘आशा आहे, कुंदाताई, निदान नाही,’ असं त्या दर वेळी बजावायच्या.

मॅडम पाड्यावरच्या बायकांना विचारायच्या, ‘यकृताचा काही आजार घरात कुणाला?’ बायका एकमेकींकडे बघायच्या. मग मी विचारायचे, मटणवाल्याकडे मागता ते काळीज, ते कुणाचं बिघडलं होतं का? की लगेच सगळ्या बोलू लागायच्या. कुणाच्या सासऱ्याला पिवळी कावीळ, कुणाच्या आईच्या पोटात पाणी. मॅडम भराभर लिहून घ्यायच्या.

सुरुवातीला माझं त्यांच्याशी जमलं नाही. पहिल्या आठवड्यात मी भर उन्हातून आणलेल्या नळ्यांपैकी निम्म्या त्यांनी उजेडात धरल्या आणि बाजूला काढल्या. गुलाबी. मी चिडले. इतकी वर्षं रक्त काढतेय, थोडंसं गुलाबी चालतं, डॉक्टर काही बोलत नाहीत, असं मी म्हणाले. त्यांनी मला स्टुलावर बसवून शिकवलं. या चिमुकल्या खुणा लाल पेशींमध्येही खच्चून भरलेल्या असतात. पेशी फुटल्या की त्या बाहेर सांडतात आणि लिव्हरच्या खुणेचा आकडा खोटाच फुगतो. दुसरं म्हणजे, हा आकडा मोजताना शेजारी एक मापाची खूण धरतात, तराजूतल्या वजनासारखी. ती खूणही लाल पेशींमध्ये असते. तीच वाढली तर वजनच जड झालं, मग खरा आकडा हलका दिसतो. म्हणजे गुलाबी नळी निरोग्याला रोगी ठरवू शकते आणि रोग्याला निरोगी. कुठल्या नळीत काय होईल हे नुसतं बघून सांगता येत नाही.

‘म्हणून लाज न बाळगता फेकायची,’ त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी फेकत आले. जाड सुई, हलका हात, नळी फक्त उलटसुलट करायची, दोन तासांच्या आत फिरवायची. पन्नाशी उलटल्यावर मी माझं काम नव्याने शिकले, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला ताठा होता. मॅडमचा अभ्यास संपला, त्या मुंबईला परत गेल्या. फोनवर मात्र बोलत राहिलो.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल. नोकरीचे माझे शेवटचे महिने.

एका कंपनीने तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आरोग्य शिबिर घेतलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण वकिलाशी बोलायची मला हौस नाही. फलकावर लिहिलं होतं, ‘एका नळीत लिव्हर कॅन्सरची खात्री’. खाली तोच मायक्रोआरएनए. अनघा मॅडम ज्याला आशा म्हणायच्या, त्याची यांनी खात्री करून टाकली होती. रक्त काढायचं आणि फिरवायचं काम आमच्या लॅबकडे होतं, म्हणजे माझ्याकडे. मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मनात म्हटलं, दुसरं कुणी आडदांड जाण्यापेक्षा आपला हात बरा.

शिबिराचा संयोजक सौरभ नावाचा गोड बोलणारा गृहस्थ होता. त्याने सकाळी कायम कामगारांना एसीच्या हॉलमध्ये बसवलं. भाषण झालं, फोटो झाले, रक्त झालं. त्यांच्या नळ्या कंपनीच्या निळ्या पेटीत, थंड पाकिटांमध्ये अलगद बसून वेळेत लॅबला गेल्या. कंत्राटी कामगारांची पाळी दुपारी दोनला सुटली तेव्हा हॉल बंद झाला होता. त्यांचं रक्त मी कॅन्टीनच्या मागच्या पडवीत घेतलं. बारा माणसं. निळी पेटी परत आलीच नव्हती. सौरभ म्हणाला, ‘मॅडम, कशातही पाठवा, बर्फ असला म्हणजे झालं.’

प्रत्येकाच्या फॉर्मवर खाली एक ओळ आधीच छापलेली होती: ‘नमुना योग्य स्थितीत घेतला.’ तिच्याखाली घेणाऱ्याची सही. मी बारा सह्या केल्या. घेतला तेव्हा योग्यच होता. माझा हात होता तो.

नळ्या न्यायला आमचा हरेश्वर होता. सातपाटीचा, पन्नाशीचा, जन्म मासळीच्या धंद्यात गेलेला. बोट विकल्यावर टेम्पो चालवायचा आणि लॅबची ने-आण करायचा. स्वच्छ मनाचा माणूस. त्याने पापलेटची थर्माकोलची पेटी धुऊन आणली, कुटलेला बर्फ भरला. मी बजावलं, नळ्या बर्फाला टेकवू नकोस, मध्ये फडकं घाल, आणि सरळ लॅबला जा. मला सामान आवरून रिक्षाने मागून जायचं होतं. मी वळल्यावर सौरभने त्याला सांगितलं की आधी फलक आणि खुर्च्या पालघरला टाकून ये. मंडपवाल्याला परत हव्या होत्या. हरेश्वर पालघरला गेला. बाहेर एप्रिलचं ऊन. वाटेत त्याला नळ्यांची काळजी लागली, म्हणून त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. उमरोळीला टेम्पो थांबवून दुकानातून जाडं मीठ घेतलं, बर्फात कालवलं आणि नळ्या त्यात नीट दाबून बसवल्या. मिठाने बर्फ कडक गार होतो. मासा टिकतो.

चार तासांनी पेटी माझ्यासमोर उघडली. बारा नळ्या बर्फात उभ्या. मधल्या दगड झालेल्या, कडेच्या अर्धवट. मी एकेक काढून फडक्यावर ठेवली.

‘कुंदाताय, जरा बी गरम होऊ दिलं नाय,’ हरेश्वर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणं होतं.

त्याच्यावर मी ओरडले का? ओरडले. त्याची मला आजही लाज वाटते. तो उभा राहून ऐकत होता आणि त्याला कळत नव्हतं की ताजं ठेवलेलं रक्त नासलं कसं. ‘पापलेट तर दोन दिस ऱ्हातंय,’ एवढंच तो म्हणाला. पापलेटमधल्या पेशी फुटल्या तरी कालवणाला फरक पडत नाही, हे त्याला समजावायला मला पंधरा मिनिटं लागली. समजल्यावर तो खाली बसला.

वितळल्यावर नळ्या फिरवल्या. सगळ्या गुलाबी. मधल्या तर डाळिंबाच्या रसासारख्या. मी प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर बॉलपेनने ‘गुलाबी’ लिहिलं आणि सौरभला फोन केला: या बारा टाकून द्या, मी उद्या परत जाऊन घेते. सौरभ म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये असा कॉलमच नाही.’ मी म्हटलं, नसेल तर हाताने लिहा. तो म्हणाला, बघतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन नळ्या घेऊन गेला. माझ्या चिठ्ठ्यांवर त्यांनी स्वतःच्या बारकोडच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मला नंतर कळलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आले. गुळगुळीत कागद, लिव्हरचं रंगीत चित्र, आणि तळाला फॉर्मवरचीच ओळ, ‘नमुना योग्य स्थितीत घेतला’. अकरा जणांना ‘नॉर्मल’, आणि देवराम नावाच्या माणसाला ‘अतिधोका’.

देवराम डोंगराकडच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात स्वतःचा भाताचा तुकडा लावायचा, बाकीचे महिने त्या कारखान्यात पिंपं धुवायचा. गळ्यात माळ, तोंडाला दारूचा थेंब नाही. रिपोर्ट त्याच्या हातात पडायच्या आधी ठेकेदाराच्या मोबाईलवर पोचला होता. कुणी पाठवला, कुठल्या अधिकाराने पाठवला, हे मी तीन ठिकाणी विचारलं आणि तिन्ही ठिकाणी मला बसायला खुर्ची मिळाली, उत्तर मिळालं नाही. देवरामचा गेटपास त्याच दिवशी बंद झाला. मी ठेकेदाराला गाठलं. तो मला शांतपणे म्हणाला, ‘ये लोग तो पीते ही हैं, मैडम. लिवर तो जाएगा ही.’ माळेचं सांगितलं तर हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाचं रक्त तुम्ही मिठात गोठवता, त्याच्यावर एक आकडा छापता, आणि तो आकडा आला कुठून हे विचारायच्या आधी त्याला बेवडा ठरवून मोकळे होता! फॉर्मवर कावीळ झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, असा एकही प्रश्न नव्हता. ‘मद्यपान: होय / नाही’ एवढाच होता.

मी देवरामच्या पाड्यावर गेले. मे लागला होता, आजूबाजूच्या सगळ्या तुकड्यांवर राब भाजून काळे चौकोन झाले होते. भाताचं बी जिथे पेरायचं ती जमीन आमच्याकडे आधी पालापाचोळा घालून भाजतात. देवरामचा तुकडा मात्र भाजायचा राहिला होता. पालापाचोळ्याचा भारा बांधावर पडून. तो अंगणात बसला होता, आणि त्याची बायको मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, जेवत नाही, बोलत नाही, भावाला सांगितलंय पोरांना बघ म्हणून.

मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, देवराम, राब का नाही भाजला?

‘कापनीला मी हाय का नाय, बाई,’ तो म्हणाला. ‘मंग कोनासाटी भाजू?’

मग मी त्याला सगळं सांगितलं. पेटी, बर्फ, मीठ, गुलाबी. शेवटी तो म्हणाला, म्हणजे कागद खोटा? मी म्हटलं, खरा की खोटा मला माहीत नाही, तुलाही नाही, त्या कागदालाही नाही. म्हणून तर परत बघायचं.

अनघा मॅडमना फोन केला. त्या फोनवर रडकुंडीला आल्या. ‘ताई, मी हे याच्यासाठी नव्हतं केलं,’ म्हणाल्या. मग सावरून त्यांनी साधा सरळ रस्ता सांगितला: सोनोग्राफी, लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी, गाठीची खूण असलेलं अल्फा फीटो प्रोटीन आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. पालघरच्या सरकारी दवाखान्यात मी देवरामला स्वतः घेऊन गेले. सगळं स्वच्छ. लिव्हर त्याच्या बैलाच्या लिव्हरइतकं ठणठणीत, असं मी त्याला म्हटलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. परतताना उमरोळीच्या फाटकात गाडी थांबली होती तेव्हा त्याने विचारलं, आता राब भाजला तर उशीर होईल का. मी म्हटलं, मी माकुणसारची, बागायती वाडीवाली, मला भातातलं काय कळतं, जा आणि भाज. गेटपास परत मिळायला महिना लागला, तोही दुसऱ्या ठेकेदाराकडे. माफी कुणीच मागितली नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती शेजारणींना सांगितली असती, दिवाळी अंकाला पाठवली नसती.

मी कंपनीला लेखी कळवलं की एक नळी खोटी ठरली, त्याच पेटीतल्या उरलेल्या अकराही तशाच आहेत, त्यांना परत बोलवा. सौरभचा फोन आला. तो खरोखर गोंधळला होता.

‘मॅडम, तक्रार एकाचीच होती ना? बाकीचे तर नॉर्मल आहेत. नॉर्मलची तक्रार कोण करतं?’

मी त्याला वजनाचं सांगितलं. जड झालेल्या वजनाने खरा आकडा हलका दिसतो, हे सांगितलं. फोन ठेवला गेला. पत्राचं उत्तर आलं, त्यात माझ्याच सहीची प्रत जोडलेली: ‘नमुना योग्य स्थितीत घेतला.’ खाली मी. ठसठशीत.

ते पत्र मी लॅबच्या जिन्यातच उघडलं होतं. राग कुणाचा आला ते धड सांगता येणार नाही. सौरभचा आला, त्या छापील ओळीचा आला, आणि गठ्ठ्याने सह्या करणाऱ्या बाईचा तर सगळ्यात जास्त आला.

मग मी ठरवलं की स्वतः फिरायचं. रविवारी स्कूटी काढायची, यादी घ्यायची आणि एकेक घर गाठायचं. तिघे कामगार उत्तर प्रदेशात गावी गेले होते. त्यांना फोनवर पटवलं, तिकडेच तपासून घ्या. बाकीच्यांनी कुरकुर करत का होईना, पालघरला जाऊन तपासण्या केल्या. दहाही जण ठीक निघाले. अकरावी होती शेवंती.

शेवंती उमरोळीची. त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापायची. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची, हसरी. रक्त घेताना तिनेच मला सांगितलं होतं की तिची आई पोटात पाणी होऊन गेली. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता, तरी मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. हिपॅटायटिस बी आईकडून मुलीकडे येतो आणि वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गप्प बसून राहतो, हे मला माहीत होतं. सगळ्यात आधी तिच्याकडे जायला हवं होतं. मी यादीच्या क्रमाने गेले.

तिच्या घरात शिरले तर भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, तो रिपोर्ट. बोईसरला नेऊन लॅमिनेट करून आणलेला. आमच्याकडे जो कागद जपायचा तो लॅमिनेट करतात: जातीचा दाखला, सातबारा, दहावीची मार्कशीट. आई गेल्यापासून शेवंती त्या दुखण्याला भीत होती, आणि आता ‘नॉर्मल’ या शब्दाला तिने प्लास्टिकमध्ये बंद केलं होतं. मुलीचं, मनीषाचं, लग्न ठरलं होतं. घरात पापड वाळत होते, मनीषा ते उलटत बसली होती. मी आत येताच तिने मला त्यांतलाच एक भाजून दिला.

मी सांगायला लागले. ती ऐकता ऐकता भिंतीकडे बघू लागली. मग म्हणाली,

‘बाय, आख्ख्या जल्मात येक कागद देवानं बरा दिला. तो पन परत न्याया आलाव?’

आणि मी ‘बरं’ म्हणाले. लग्न होऊ दे, मग ये, म्हणाले. त्या दिवशी ऊन होतं, मी दमले होते, दहा जण झाले होते, आणि दहाही ठीक निघाले होते. अकरावीही ठीकच असेल, असं मला वाटलं. सौरभला मी ज्या गोष्टीसाठी शिव्या घालत होते तीच मी केली. पापड खाल्ला आणि निघाले.

लग्न झालं. जूनमध्ये मी निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं. शेवंतीची आठवण आली की मनात म्हणायचे, येईल.

ती आली दिवाळीनंतर, माझ्या माकुणसारच्या घरी, मनीषाचा हात धरून. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. पिशवीत तो कागद होता. ‘नॉर्मल हाय ना, बाय? मंग ह्ये काय?’ असं तिने मला विचारलं, तक्रारीच्या सुरात नाही, खरंच कळत नाही म्हणून. मी त्याच रिक्षाने तिला घेऊन जुन्या लॅबला गेले आणि माझ्या हाताने रक्त घेतलं. फिरवल्यावर वरचं पाणी गडद पिवळं, पण लालीचा मागमूस नाही. इतकी चांगली नळी मी फार थोड्या वेळा काढली असेल. हिपॅटायटिस बी निघाला. सोनोग्राफीत गाठ निघाली, मोठी. एप्रिलमध्ये ती किती असती, काढता आली असती का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. दुसऱ्यांचा मला जास्त राग आला. मुंबईला नेलं, अनघा मॅडमनी खटपट केली, पण उपयोग झाला नाही. शेवंती माघात गेली.

कंपनी अजून शिबिरं घेते. फलकावरचा शब्द बदललाय एवढंच, ‘खात्री’ऐवजी ‘विश्वास’. मी तक्रारी दिल्यात, तीन कार्यालयांत, पोच घेऊन. जिथे ही तपासणी खरी शोधली जातेय तिथे माझ्या देखत शेकडो नळ्या फेकल्या गेल्या, खोटा आकडा कुणाच्या हातात पडू नये म्हणून. त्या माणसांना अजून ठामपणे बोलायचा धीर होत नाही, आणि इकडे कंत्राटी माणसाचं रक्त मासळीच्या पेटीत घालून त्याला उत्तर देणाऱ्यांना मात्र जराही शंका येत नाही. मला विचाराल तर निळी पेटी कुणाला आणि थर्माकोल कुणाला हे जिथे ठरलं, तिथेच सगळं ठरलं होतं. मीठ बिचारं नंतर आलं. हरेश्वरने त्यानंतर नळ्या नेणं सोडलं. शेवंतीच्या दहाव्याला तो आला होता, मागे उभा होता.

दहावं झाल्यावर चार दिवसांनी मनीषा आली, एकटी. आईकडून तिला आलं आहे का ते बघायचं होतं. मी तिला जुन्या लॅबवर नेलं, आणि तिथल्या मुलीला बाजूला करून स्वतः दंडाला बांधायचा पट्टा हातात घेतला. मनीषाने हात पुढे केला नाही. पिशवीतून तो लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

‘आदी याच्यावर खरं काय त्ये लिवा,’ ती म्हणाली. ‘मंग माझं रगत घ्या.’

मी पेन काढलं. प्लास्टिकवर शाई धरेना. दोनदा गिरवलं, ओघळून गेलं. मग मी टेबलावरची कात्री घेतली आणि कडेने लॅमिनेशन कापलं. कागद आतून सोलून काढताना लिव्हरचं चित्र थोडं फाटलं. ‘नमुना योग्य स्थितीत घेतला’ या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नमुना गुलाबी होता. मला माहीत होतं.’ सही केली, तारीख घातली.

मनीषाने ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि बाही वर करून हात पुढे केला.